गुहागरची पालखी आणि मीनाताईंची गाडी

मीनाताई आरेकर अठ्ठावन्नाव्या वर्षी महापालिकेतून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच सोमवारी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. कारण साधं होतं. त्यांचे यजमान अरविंद यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा हात, डावा पाय जेमतेम साथ देत होते. आठवड्यातून तीनदा त्यांना सीवूड्सहून नेरुळला फिजिओकडे न्यावं लागायचं. रिक्षाचे हादरे त्यांना सोसत नव्हते, आणि माणसाला उचलून बसवायचं आहे म्हटलं की टॅक्सीवाले ट्रिप रद्द करायचे. म्हणून मीनाताईंनी छोटी विजेची गाडी घेतली. "क्लच नाही, गिअर नाही, म्हणून विजेची," त्या सांगायच्या. "पर्यावरण वगैरे विचारणाऱ्यांना सांगायला."

सोसायटीच्या आवारात त्या गाडी मागे घ्यायचा सराव करत तेव्हा बघ्यांची कमी नसे. एकदा सातव्या मजल्यावरचा निशांत म्हणाला, "मीनाताई, ब्रेक कुठे आहे माहीत आहे ना?"

"माहीत आहे रे. पण तू असाच मागे उभा राहिलास तर विसरेन."

मी त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. अरविंदना खुर्चीतून गाडीत बसवायला दोन माणसं लागतात, त्यातला दुसरा बहुतेक वेळा मी असतो. त्यामुळे यंदाच्या शिमग्याला गुहागरला जायचं ठरलं तेव्हा मला वेगळं विचारावं लागलं नाही.

अरविंदचं घर गुहागरला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी वाडीतल्या प्रत्येक घरी जाते. घरातली माणसं तिला ओटीवर घेतात, पाटावर बसवतात, बाई ओटी भरते, गुरव घरासाठी गाऱ्हाणं घालतो. घर बंद असलं तर पालखी पायरीपाशी क्षणभर थांबते आणि पुढे जाते. अरविंदच्या दारावरून ती तीन वर्षं अशी पुढे गेली होती. त्यांचे चुलत पुतणे धनेश गुहागरलाच राहतात. त्यांनी फोनवर हे सांगितलं की अरविंद दोन दिवस कोणाशी बोलत नसत. यंदा जानेवारीतच अरविंदनी मीनाताईंना म्हटलं होतं, "एकदा मला दारात उभं कर. पुढचं काही मागत नाही."

पालखी चारच्या सुमारास वाडीत येणार होती. मी प्रवासाचं वेळापत्रक तयार केलं. सहाला निघायचं, दहाला महाड, तिथे तासभर चार्जिंग, दोनला गुहागर. कागद स्वच्छ होता, फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. शिमग्याला सगळी मुंबई कोकणात उतरते, आणि आता त्यातल्या बऱ्याच जणांकडे विजेच्या गाड्या आहेत.

महाडला पोहोचायलाच अकरा वाजून गेले. चार्जिंगच्या जागी गाडीला लावायच्या दोन गन होत्या, त्यातली एक बंद. दुसरी एका पांढऱ्या गाडीला लावलेली. तिच्यामागे ऐरोलीचं एक जोडपं, मग आम्ही. आमच्या गाडीत एकतीस टक्के वीज उरली होती आणि गुहागर अजून एकशे तीस किलोमीटर लांब. ॲपवर पाहिलं तर चिपळूणच्या चार्जरवर याहून मोठी रांग.

पांढऱ्या गाडीचा मालक भावेश तळोज्याचा. पडद्यावर चौऱ्याऐंशी टक्के दिसत होते आणि तो सावलीत कलिंगड खात उभा होता.

"किती वेळ अजून?" मी विचारलं.

"शंभर झाले का काढतो. आमी आठ वाजल्यापासून लायनीत हाय."

मीनाताई गाडीतून उतरल्या. पालिकेत त्या पाणीपुरवठ्याकडे होत्या. जलवाहिनीच्या कामासाठी एखाद्या नोडचं, म्हणजे विभागाचं, पाणी बंद असलं की कोणत्या इमारतीला टँकर आधी, हे ठरवणं त्यांच्याकडे असे. तिथल्या बावीस वर्षांत त्यांनी शिव्या पुष्कळ खाल्ल्या असतील, पण एक सवय कमावली. 'किती हवं' असं त्या कोणाला विचारत नाहीत.

"दादा, जायचंय कुठे?" त्यांनी भावेशला विचारलं.

"चिपळून. सासरवाडी."

"चिपळूणला तुझी निम्मी बॅटरीसुद्धा लागणार नाही. ऐंशीच्या पुढे गाडी घोट घोट पिते, अजून पाऊण तास जाईल. शंभर टक्के काय सासऱ्यांना दाखवायचेत?"

ऐरोलीचं जोडपं हसलं. भावेश थोडा घुश्शात आला. "काकी, तुमी काय आरटीओ हाय काय?"

"नाही. पाणीवाली होते. सासूबाई जेवायला वाट बघत असतील तर मात्र मी तुला अडवणार नाही हो."

भावेशच्या मागच्या सीटवरून त्याची बायको म्हणाली, "अहो, काढा ना. आई सकाळपासून तीन फोन करून बसलीय." त्याने कलिंगडाची साल टाकली आणि गन काढली. मात्र जायची घाई न करता तो तिथेच उभा राहिला. पुढे काय होतं ते त्याला बघायचं असावं.

ऐरोलीच्या जोडप्यातल्या मुलीचं नाव क्षिप्रा. तिला दापोलीला जायचं होतं. मीनाताईंनी तिच्या गाडीची माहिती विचारून एका पावतीच्या पाठीमागे आकडे मांडले. "पंचवीस मिनिटं. चालेल?" क्षिप्राने मान डोलावली आणि पंचवीस मिनिटांनी खरंच गन काढून आणून दिली.

आता आमचा नंबर होता. पावणेबारा वाजत आले होते. मीनाताई गाडी पुढे घेणार तेवढ्यात रस्त्यावरून एक निळी गाडी अक्षरशः रांगत आत आली. चालवणारा पस्तिशीचा, प्रीतम नावाचा. शेजारी त्याची आई, ऐंशीच्या पुढची, डोक्यावर ओला नॅपकिन. गाडीत तीन टक्के होते. एसी बंद करून ती दोघं कुठून कशी आली होती देव जाणे.

मीनाताईंनी आपली गाडी होती तिथेच थांबवली आणि त्याला पुढे घ्यायची खूण केली.

अरविंद काच खाली करून म्हणाले, "मीना! काय करतेस?" झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा ओढल्यासारखे येतात, पण हे अगदी स्पष्ट होते. "आपली पालखी आहे."

"आहे. आणि आपण जाणार आहोत."

"तीन वर्षं झाली."

"अहो, त्यांची गाडी इथून हलणारच नाही. आपली हलते. वीस मिनिटं."

अरविंदनी काच वर केली आणि तोंड फिरवलं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नव्हतं. सौजन्य आपल्या जागी, पण नंबर आमचा होता आणि ज्याच्यासाठी निघालो तो माणूस गाडीत बसून होता. मी तसं म्हणालोही. मीनाताई म्हणाल्या, "टिकेकरभाऊ, तुमचं वेळापत्रक द्या बघू." मी कागद दिला. त्यांनी त्यावरचा 'ऐंशी टक्के' हा आकडा खोडला आणि खाली लिहिलं, 'एक वाजता. असेल तेवढ्यात.'

एकला आमच्या गाडीत एकसष्ट टक्के होते. भावेश अजून तिथेच होता. "काकी, सावकाश जावा. ट्रकच्या मागं रावा, वारा कमी लागतो," असं म्हणून त्याने मागच्या रांगेतल्या माणसाला विचारलं, "बोला, जायचंय कुठं?"

पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही, आणि त्यात काहीच घडलं नाही हेच त्याचं कारण. काचा उघड्या, एसी बंद. मार्चचं ऊन. पन्नासच्या वर काटा गेला नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत, हात नाचवत पुढे जात, आणि मीनाताई अंगणात रांगोळी काढत असल्यासारख्या स्थिर. चढ आला की पायाचा दाब हळूच वाढवायचा, उतार आला की पाय उचलायचा. उतारावर गाडी थोडी वीज परत घेते. एक टक्का वाढला की अरविंद तो मोठ्याने वाचून दाखवू लागले. रुसवा कशेडीच्या बोगद्यात कुठेतरी सुटला असावा.

चिपळूणला चोवीस टक्के. धनेशचा फोन आला. "काकू, पालखी आज लवकर चाललीय. खालच्या आळीत पोचली. कुठे आहात?"

"येतो. तू दार उघडून ठेव."

"दार सकाळीच उघडलंय. सारवलंय पण. तुम्ही या फक्त."

चार वाजायला पाच मिनिटं असताना आम्ही वाडीत शिरलो. सहा टक्के. ढोल ऐकू येत होते, पण दिसत काही नव्हतं. मी आणि धनेशनी अरविंदना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. ते पायरीवर चढून चौकटीला टेकले, आणि पालखी शेजारच्या घरातून बाहेर पडली. ती आमच्या पायरीपाशी आली तेव्हा कोणाला थांबवावी लागली नाही. खांदेकऱ्यांनी अरविंदना पाहिलं आणि ढोलवाल्याने हात अधिक जोरात चालवला.

पालखी ओटीवर पाटावर बसली. मीनाताईंनी घामेजल्या साडीतच देवीची ओटी भरली आणि गाऱ्हाण्याचा नारळ आणायला आत गेल्या.

गुरव म्हातारे होते, अरविंदना लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी हात जोडून विचारलं, "अरविंदा, घरच्या कर्त्याच्या नावानं घालू ना?"

अरविंद शब्द जुळवत म्हणाले, "कर्त्याच्याच नावानं घाला. मीनाच्या."

गुरवांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "आई माउली, आज आरेकरांच्या घरची मीना एवढ्या लांबून घरधन्याला घेऊन तुझ्या पायाशी आली हाय. तिचा रस्ता असाच सुखाचा ठेव..."

"व्हय महाराजा!" सगळी वाडी ओरडली.

मीनाताई नारळ घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या. गुरवांनी डोळे उघडले आणि नारळ घ्यायला दोन्ही हात त्यांच्यापुढे केले.