बोलावलं होतं बाबांना

भूत, आत्मा, भटकणं-बिटकणं मी मानत नाही. हे वाक्य इथे अनुभव सांगणारे सगळेच लिहितात, माहीत आहे मला. पण मी ते छापून वाटलेलं आहे. पांढुर्ण्याच्या बाजारात, सौसरच्या बस स्टँडवर, उन्हात उभं राहून, लोकांच्या शिव्या खाऊन. "पिठावरचं पाऊल : श्रद्धा नव्हे, भ्रम" हे पत्रक ज्यांच्या हातात पडलं असेल, ते माझंच.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे माणूस गेला की तो जिथे गेला त्या जागेवर संध्याकाळी पीठ पसरतात, बाजूला दिवा लावतात आणि पिठावर टोपलं झाकून ठेवतात. सकाळी टोपलं उचलून पिठावर काय उमटलं ते बघतात. पाऊल दिसलं तर माणूस घरी येऊन गेला, मोकळा झाला. मी पत्रकात लिहिलं होतं — मुंग्या, झुरळं, उंदीर, आणि घरच्यांच्या डोळ्यांना जे हवं असतं ते. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. जे झालं ते फक्त सांगते.

मी देहदानाचंही काम करते. बाबा पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत माल छाटायचे — लहान-मोठं, डागी-बिनडागी वेगळं करायचं काम. माझ्या सभेत सगळ्यात आधी फॉर्म त्यांनी भरला. "पाहू दे पोरायले उघडून. जाळून कायले फुकट घालवता?" असं म्हणाले होते. मागच्या हिवाळ्यात ते गेले आणि नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजची गाडी त्यांना घेऊन गेली. चादर आखूड होती. पाय बाहेर राहिले होते. दार लागेपर्यंत आई त्या पायांकडे बघत होती. मी बाजूला एका लोकल चॅनेलवाल्याशी बोलत होते. आवाज बरोबर होता, मुद्दे बरोबर होते. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

रामाकोन्याहून मामा आला होता. तो अंगणातच सुरू झाला.

"देहच नाही त येईन कोण घरी? बापाले दान केलं म्हन्ते! पत्रकं छापून छापून या पोट्टीचं काळीजच कागदाचं झालं."

"मामा, जाळल्यावर तरी कोणता देह उरतो?"

आईनं माझ्यासमोर पायातली जोडवी काढली. विधवांनी जोडवी काढू नयेत, याचंही माझं पत्रक आहे. संध्याकाळी तिनं बाबांच्या खाटेच्या जागी पीठ पसरलं.

सकाळी पीठ कोरं होतं. चाळणीतून पडलं तसंच.

"नाही आले," आई म्हणाली.

तेव्हापासून दर अमावस्येला ती पीठ मांडायची. दर वेळी कोरं. ते पीठ मग गाईला. सुरुवातीला मी भांडले, मग सोडून दिलं. पण ती दिवसेंदिवस कमी बोलायला लागली होती. जेवताना दाराकडे तोंड करून बसायची. बाबा गेले हे तिला कळत होतं... ते कुठे आहेत एवढंच तिला कोणी सांगत नव्हतं. मीसुद्धा नाही. कारण मलाही माहीत नव्हतं.

या वर्षी त्या कॉलेजनं आपलं शरीररचनेचं म्युझियम लोकांसाठी उघडलं आणि देहदान केलेल्यांच्या घरच्यांना बोलावलं. मी आईला स्पष्ट सांगितलं, "बाबा तिथे दिसणार नाहीत. तिथे जुने नमुने असतात."

"येतो मी," ती म्हणाली.

लांब हॉल. डोळ्यांना झोंबणारा वास. काचेच्या बरण्यांत पिवळट पाण्यात हृदयं, फुप्फुसं, मधोमध कापलेलं एक डोकं. शाळेची पोरं एकमेकांना ढकलत "तुहा मेंदू पाह्य न बे, रिकामा आहे" म्हणत हसत होती. मला किळस आली नाही, भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. फ्रीजचं दार उघडून आत बघावं तशी मी बघत होते. माहिती सांगायला पांढऱ्या कोटातली एक विद्यार्थिनी होती. आईनं तिला एकच विचारलं.

"पाय कुठं आहेत, बाई?"

"लोअर लिम्ब ना काकू? त्या कोपऱ्यात."

कोपऱ्यात एकच पाय होता. डावा, गुडघ्याखालून कापलेला. एका बाजूनं उघडा, शिरांना धागे आणि धाग्यांना चिठ्ठ्या. तळवा मात्र अख्खा. पाय लहान होता. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. अंगठ्याजवळच्या बोटाला जोडव्याचा खोल वळ होता.

आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. तिनं काचेवर हात ठेवला.

"चला न घरी," ती हळूच म्हणाली. "इथं कायले राहता? मी वाट पाहून राहिलो. आज पीठ मांडतो. या."

ती पोरगी माझ्याकडे बघायला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हा कोणाचा?"

"हे खूप जुनं आहे मॅडम. तेव्हा बेवारसच बॉडीज यायच्या ना. नाव वगैरे काही नसतं."

मी मान हलवली. "देहदान वाढलं तर बेवारस मृतदेहांवर अवलंबून राहावं लागणार नाही" — हे माझ्या देहदानाच्या पत्रकातलं शेवटचं वाक्य आहे. भाषणात या वाक्याला टाळ्या पडतात.

परतीच्या गाडीत नरखेड गेल्यावर मी आईला सांगितलं.

"आई, तो बाईचा पाय होता."

"कायचा?"

"बाईचा. बोटाला जोडव्याचा वळ होता. तुला दिसला नाही."

समोरची बाई संत्रं सोलता सोलता थांबली.

"मंग मी तिले म्हटलं का घरी चाल म्हणून?"

"कोणालाच नाही म्हटलं. काचेला म्हटलं."

"तिले कधी कोणी म्हटलं असन काय वं?"

"आई, चूप बस. लोक ऐकून राहिले."

पांढुर्ण्याला उतरताना ती म्हणाली, "बोलावलं त मांडा लागते."

त्या दिवशी अमावस्याही नव्हती. तरी तिनं पीठ पसरलं आणि मंडीतलं बाबांचं मोठं टोपलं वर झाकलं. घरात आम्ही दोघीच. दाराला आतून कडी. आईला मी बाहेरच्या खोलीत झोपवलं आणि स्वतः टोपल्याला लागून, मधल्या दारात आडवी झोपले. श्रद्धेनं नाही, हट्टानं. एकदाच काय ते मिटवायचं होतं.

सकाळी टोपलं मीच उचललं.

एकच पाऊल होतं. डावं. टाच दाराकडे, बोटं घराच्या आत. बोटं चारच उमटली होती, कारण करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. आणि अंगठ्याजवळच्या बोटाखाली एक बारीक आडवी रेघ.

मी शेजारी माझा पाय ठेवून बघितला. माझा पाय पुरुषाचा वाटावा इतकं ते पाऊल लहान होतं. आईचे पाय पसरट, टाचा फुटलेल्या. आमच्या कोणाच्याही तळव्याला पीठ नव्हतं. मी फोटो काढून आमच्या चळवळीतल्या एका मित्राला पाठवला. त्याचा लगेच फोन आला — "आईनं हातानं काढलं असेल. दुःखात लोक करतात असं." मीही हेच म्हटलं असतं. आई मला ओलांडून गेली असती तर जाग आली असती, हे मी त्याला सांगितलं नाही. पुरावा नाही तो. आईलाच सरळ विचारलं.

ती खाली वाकून एका डोळ्यानं पाऊल बघत होती.

"मी काढलं असतं," ती म्हणाली, "त यांचंच नसतं काढलं काय?"



मग ती उठली. डब्यातून आपलं एक जोडवं आणलं आणि त्या रेघेवर अलगद ठेवलं. "लहान आहे वं बिचारी," म्हणाली, आणि चहा मांडायला गेली. कप तीन काढले. मी चहा प्यायले.

झालं ते एवढंच. त्यानंतर पीठ पुन्हा कोरंच निघतं, बाबा अजून आलेले नाहीत. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर द्या, स्वतःच्या खर्चानं छापते. पत्रकंही अजून वाटते, फक्त देहदानाच्या पत्रकातलं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचवत नाही.

परवा मी सौसरच्या सभेला निघाले होते तर आई दारात आली.

"पिंकी, माहाही फॉर्म भर न वं."

वर्षभर मी हेच ऐकायची वाट बघत होते. तरी विचारलं, "का?"

"हे त येत नाहीत. मंग मीच जातो. आता तिथं एक तरी ओळखीची आहे."

फॉर्मचा गठ्ठा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. आजपर्यंत मी कोणाला नाही म्हटलेलं नाही.

तिला म्हटलं, फॉर्म संपले.