शालनचा वाचता येणारा प्रोग्रॅम

शालन गेल्याचं तिच्या यजमानांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी कर्जतला अंगणात कपडे वाळत घालत होते. "ताई, आपली शालन गेली. सकाळीच... बसल्या जागी," एवढंच ते म्हणाले. आता महिना उलटलाय, म्हणून लिहितेय.

आमची ओळख ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. खोपोलीच्या एका कारखान्यात संगणक विभाग नुकताच निघाला होता आणि त्या गारठलेल्या खोलीत आम्ही दोघीच बायका. ती चौक गावाजवळच्या शेतकरी घरातली. साहेबांशी नीटनेटकं बोलायची, आणि माझ्याकडे वळली की, "काय गं, डब्यात काय हाय?" कामगारांच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम आमच्या आधीच्या एका गृहस्थांनी असेंब्लीत, म्हणजे जवळजवळ यंत्राच्याच सांकेतिक भाषेत लिहिला होता. चालायचा झकास, पण ते नोकरी सोडून आखातात गेले आणि त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. भातलावणी आली की आसपासच्या गावांतले कामगार रात्रपाळी मागत, दिवसा शेतावर उभं राहता यावं म्हणून. प्रोग्रॅमला लावणी ठाऊकच नव्हती. मग खाडे होत, खाड्यांवरून नोटिसा निघत. एका वर्षी तशी नोटीस कारखान्यातच कामाला असलेल्या शालनच्या थोरल्या भावाला आली. ती सरळ साहेबांकडे गेली आणि म्हणाली, हे सगळं मी कोबोलमध्ये, इंग्रजी वाक्यांसारख्या भाषेत, नव्यानं लिहिते. साहेब नाखूश होते. आमचं यंत्र लहान, कंपायलरनं कोबोलचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्यातच त्याचा वेळ जाणार. "यंत्राला थेट कळेल असं लिहायचं सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला?" शालन शांतपणे म्हणाली, "यंत्राला कंपायलर समजावून सांगेल, साहेब. आपल्यामागून येणाऱ्या माणसाला कोण सांगणार?"

त्या उन्हाळ्यात तिनं तो लिहून काढला. कोबोलच्या आज्ञा इंग्रजी, पण आतल्या गोष्टींना नावं आपण द्यायची. तिनं ती रोमन अक्षरांत मराठीच दिली... लावणी, बदली, रात्रपाळी. साहेब हसले, पण छापील कागद वाचत गेले आणि त्यांना तो कळला. त्या पावसाळ्यात तिच्या भावानं एकही खाडा न करता लावणी उरकली.

पुढच्या वर्षी ती बाळंतपणाच्या रजेवर असताना ठरलं, की डोंगरातल्या आदिवासींच्या ठाकूरवाड्यांमधून येणाऱ्या हंगामी कामगारांनाही ही सवलत द्यायची. बदल माझ्यावर आला. धास्तावूनच कागद उघडला, तर शालन शेजारी बसून सांगतेय असं वाटलं: अर्ज असेल, लावणी असेल, कामगार कायम असेल, तर रात्रपाळी. शेवटची अट काढली, आणि चाललं. चौकला बाळ बघायला गेले तर तिचा पहिला प्रश्न, "माजं काय मोडलंस का गं?" मी तिच्याच बोलीत म्हटलं, "नाय गं, एक अट काडली फक्त." ती पोट धरून हसत राहिली. पुढं मोठं यंत्र आलं. असेंब्लीतलं बाकीचं काम जुन्या यंत्रापुरतंच, ते टाकून द्यावं लागलं. शालनचा प्रोग्रॅम थोड्या फेरफारानं नव्या यंत्रावर चालू लागला. आज माझी भाची वेबसाठी प्रोग्रॅम लिहिते. कुठल्या यंत्रावर तो चालणार, याचा तिला विचारही करावा लागत नाही... मला तेव्हा शालन आठवते.

गेल्या आठवड्यात चौकला तिच्या घरी जाऊन आले. यजमान म्हणाले, "बसा, चहा टाकतो." या माणसानं उभ्या जन्मात चूल पाहिली नव्हती. मी उठले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. फळीवरच्या प्रत्येक डब्यावर शालनच्या गोल अक्षरातली चिठ्ठी होती. चष्मा लावून ते एकेक मोठ्यानं वाचत होते. "चहा, माणशी एक सपाट चमचा... पाणी उकळल्यावर." मग साखरेचा डबा. "साखर. ह्यांना अर्धाच चमचा." त्यांनी मोजून अर्धा चमचा घातला आणि झाकण नीट लावून डबा जागेवर ठेवला.