आईला न लागणारी गाडी

आईला गाडी लागते. एसटीच्या पायरीवर पाय ठेवला की तिचा चेहरा पिवळा पडतो आणि दुसऱ्या फाट्याला ती खिडकीबाहेर असते. रेल्वे दोनदा बदलावी लागते, तिथं हरवायची भीती. आठवीतून शाळा सोडून मी भंडाऱ्याकडून इथं तेरला आलो, इथं पोटाला लागलो, दोन खोल्यांचं घर बांधलं, पण या प्रवासापायी आईनं ते घर पाहिलेलं नव्हतं. दर दिवाळीला फोनवर बोलवायचो. उत्तर ठरलेलं: "काऊन जीव घेतोस बाप्पा? रस्त्यातच मरीन मी."

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं. जुनी का होईना, मागं डिकी असलेली ऐसपैस गाडी घ्यायची, स्वतः चालवत जायचं आणि आईला आणायचं. एकच अट. ती गाडी आईला लागता कामा नये.

गाडी बघायला पुढं कोण? अर्थात अण्णा. अण्णा माझे मालक. भजी तळायला त्यांनी शिकवलं, टेम्पो चालवायला त्यांनी शिकवलं, आणि आज हॉटेलात माझी भागीदारी आहे तीही त्यांच्याच मनात आलं म्हणून. पण हॉटेल टाकायच्या आधी अण्णांनी बैलांचा व्यापार केलेला. त्यामुळं चार पायांचं असो की चार चाकांचं, त्यांची नजर एकच.

दोन गाड्या नजरेत होत्या. सास्तूरच्या एका ठेकेदाराची चंदेरी, डिझेलवरची. आणि धाराशिवच्या एका निवृत्त गुरुजींची पांढरी, पेट्रोलवरची.

"डिझेल म्हंजे बैल," अण्णा म्हणाले. "आवाज करंल, पर वढंल. पेट्रोल म्हंजे घोडं. दिसायला देखणं, खायला लई."

"पण अण्णा, आईला डिझेलचा वास सोसला नाही तर?"

आतून काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, पोळी लाटता लाटता ओरडल्या, "मग मला बसवून बघा की! म्या तर गावचा पूल यायच्या आत वकते."

ते खरं होतं. काकू स्वतःच्या वरातीच्या जीपमध्येसुद्धा ओकल्या होत्या, आणि अण्णा ते अजून पाहुण्यांना सांगतात. मला हायसं वाटलं. काकूंना जी सोसेल ती आईला सोसेल.

रविवारी सकाळी ठेकेदार डिझेल घेऊन हॉटेलसमोर आला. अण्णा गाडीभोवती फिरले, मागच्या बाजूला थाप मारली, वाकून पोटाखाली बघितलं. मग गंभीरपणे विचारलं, "मारकी हाय का?"

"न्हाय काका," ठेकेदार म्हणाला, "एअरबॅग हायत."

काकू भरपेट जेवून आल्या. तीन शेंगापोळ्या, भरीत, वर ताक. रिकाम्या पोटानं कसली परीक्षा, असं त्यांचं म्हणणं. शेजारी माझी बायको पिशवी उघडून बसली. मी धाराशिवच्या रस्त्याला गाडी घातली आणि आरशात बघत राहिलो. पूल गेला. फाटा गेला. काकूंची मान कलली. संपलं, म्हटलं. तर काकू घोरत होत्या!

"बैल पास," अण्णा म्हणाले.

दुपारी गुरुजी आले. काकू पुन्हा ताटावर बसलेल्या.

"अहो काकू, आत्ता तर जेवलात!"

"दोघांना सारखाच पेपर पायजे," काकू म्हणाल्या आणि पुन्हा तीन पोळ्या, भरीत, ताक.

गुरुजींनी सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं. आत मोगऱ्याच्या अत्तराची बाटली. गाडी इतकी शांत की मला काकूंचं पोट ऐकू येत होतं. पुलावर तेही शांत झालं. पिशवी उघडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

गुरुजींनी मागं वळून बघितलं. "एवढ्यासाठीच प्लॅस्टिक ठेवलं होतं," ते म्हणाले.

"घोडं नापास," अण्णा म्हणाले.

मी चाचरत म्हटलं, "अण्णा, पण ते पेट्रोलनं झालं, अत्तरानं झालं, की दुसऱ्या जेवणानं?"

"तुझं हे असंच. पास झालेल्याचा पेपर कुणी पुन्हा तपासतं व्हय?"

ठेकेदाराशी सौदा करताना अण्णांनी बैलबाजाराच्या रिवाजाप्रमाणं हातावर रुमाल टाकला आणि हात पुढं केला. रुमालाखाली बोटं धरून किंमत सांगायची, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. त्या तरण्या ठेकेदाराला वाटलं, अभिनंदन करतायत. त्यानं दोन्ही हातांनी अण्णांचा हात हलवला. अण्णा बोट धरत राहिले, तो हलवत राहिला. शेवटी तो म्हणाला, "काका, तोंडानं बोला की!"

आईला आणायला काकूही निघाल्या. "त्या गाडीची मला सवय हाय," म्हणाल्या. हॉटेल अण्णांनी सांभाळलं.

गावी पोचलो तर आई दारातच उभी राहिली. "डिझेलची हाय का रे?"

मी घाईनं सगळ्या काचा खाली केल्या. काकूंनी तिचा हात धरला. "बसा हो ताई. म्या जेवून तपासलीय." आणि सगळी हकिगत सांगितली, दोन्ही जेवणांसकट. आई हसता हसता आत बसली.

दोघी मागं. नांदेडपर्यंत त्यांचा एकच विषय: कोण कधी, कुठं, कोणत्या गाडीत ओकलं. नागपूरची एसटी, वरातीची जीप, कुणाच्या तरी नव्या टोपीचं झालेलं नुकसान. मी मात्र प्रत्येक खड्ड्याला आरशात बघत होतो. घास उतरत नव्हता. वळण आलं की माझंच पोट गोळा व्हायचं.

ढोकीच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेतली, दार उघडलं आणि रस्त्याकडेला वाकलो. पाठीवर दोन हात फिरायला लागले. एक काकूंचा, एक आईचा.

"डायवरच नापास," काकू म्हणाल्या आणि कमरेच्या पिशवीतलं लिंबू माझ्या नाकाशी धरलं.

"लहानपणापासून असाच हाय हा पोट्टा," आई म्हणाली. "मी आजारी पडली का यालेच ताप यायचा."

मी चूळ भरून उभा राहिलो. आईच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. पिवळा नव्हता. ती पुढचं दार उघडून माझ्या शेजारच्या सीटवर बसली, पदर सारखा केला आणि काचेतून समोर बघत म्हणाली, "चाल लवकर. किती दूर ठेवलंस रे घर?"