हॉलंडच्या बाई आणि आमचा सत्कार समारंभ

हॉलंडच्या एक चित्रकार बाई पावसाळा सरल्यावर आमच्या गावात मुक्कामाला आल्या. दोन देशांनी एकमेकांची कला समजून घ्यावी, असा काहीतरी उपक्रम होता. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषेपण माझ्या गळ्यात पडलं. केडगाव स्टेशनवर त्यांची बॅग उचलताना मला वाटलं, शाळेच्या भिंतीवर चार मोर काढतील आणि जातील.

त्यांनी एकही मोर काढला नाही. त्या घरोघर हिंडून मोडक्या वस्तू गोळा करू लागल्या. फुटकी चाळण, बूड गेलेली घागर, सायकलची रिंग, बंबाचं झाकण. मी आपला पोतं घेऊन मागं. एका आजीबाईंनी मला बाजूला घेतलं. "सर, त्यांच्या देशात भांडी मिळत न्हाईत व्हय?"

शाळेच्या मावळतीकडे तोंड असलेल्या पांढऱ्या भिंतीसमोर तारा ताणून बाईंनी हे सगळं भंगार टांगलं. मग मला समजावलं, की सूर्य मावळायला आला की याची सावली भिंतीवर पडेल आणि तिथं मेंढरांचा कळप दिसेल. त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे. आमचंही निम्मं गाव एके काळी मेंढरांमागं हिंडायचं, आता सगळे उसात. गावाला दाखवायची संध्याकाळ एकच, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या परत निघणार होत्या. तोवर कुणाला दिसू नये म्हणून समोर जाड पडदा लावला. सगळा हिशेब चोख होता. त्यांना ऊन-सावली कळत होती, आमचा सत्कार ठाऊक नव्हता.

आमच्याकडे कार्यक्रम म्हणजे सत्कार. टॉवेल, टोपी, नारळ. एखाद्याचं नाव राहिलं तर तो पुढच्या निवडणुकीपर्यंत बोलत नाही. पडद्यापुढच्या स्टेजवर आधी बाईंना फेटा बांधला, मग सरपंचांना. मग स्पीकरवाल्याचा सत्कार, तारा ताणणाऱ्या वायरमनचा, बूड गेलेली घागर देणारीचा. मलाही टॉवेल मिळाला, आखूड होता. बाई प्रत्येक नावाला टाळ्या वाजवायच्या आणि प्रत्येक टाळीनंतर सूर्याकडे बघायच्या.

सूर्य उसाला टेकायला आला तेव्हा सरपंच माइकपुढे आले.

"हॉलंडच्या गाईंनी आमाला दूध दिलं. आज हॉलंडच्या ताईंनी कला दिली," ते म्हणाले. इथं थांबले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण दुधावरून ते डेअरीवर गेले आणि डेअरीवरून डेअरीच्या रस्त्यावर. रस्ता कुणी अडवला, खडी कुठं गेली. मी खुणा केल्या, खाकरलो, शर्ट ओढला. ते माझ्याकडे बघून "दोनच मिनिटं" म्हणाले आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कामाकडे वळले.

बाई पडद्याची दोरी धरून कडेला उभ्या होत्या. भाषण थांबलं की ओढा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. इतक्या दिवसांची मेहनत एका मोरीपायी अंधारात जाणार, या विचारानं मला सरपंचांचा असा संताप आला, की काय सांगू!

आमच्या गावात चालू भाषण थांबवू शकेल अशी एकच गोष्ट आहे. मी दुसरा माइक ओढला आणि राष्ट्रगीत सुरू केलं.

अख्खं गाव ताडकन उभं राहिलं. सरपंचांचा हात मोरीची रुंदी दाखवत होता, तो झटकन खाली आला आणि टाचा जुळल्या. भाषण थांबलं, म्हणून बाईंनी दोरी ओढली.

भिंतभर मेंढरं उभी राहिली. खाली मान घातलेली, कान टवकारलेली, एकमेकांना रेटणारी. आणि कळपाच्या बरोबर मधोमध, फेटा बांधलेला एक मेंढका ताठ उभा. ती सरपंचांची सावली होती. त्यांची पाठ भिंतीकडे, सावधान मोडता येईना, त्यामुळे समोरचं सगळं गाव ओठ दाबून कशाकडे बघतंय ते त्यांनाच कळेना. माझा सूर दोनदा घसरला.

राष्ट्रगीत संपलं. सरपंच मागं वळणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतले म्हातारे आबा पुढं झाले. तरुणपणी त्यांनी मोठा कळप राखला होता आणि मग विकून टाकला होता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"सरपंच, हलू नगा!" ते ओरडले आणि माझ्याकडे वळले. "सर, पुन्यांदा म्हणा. ह्यो हलला तर मेंढरं राखायला कुनी न्हाई."

मी पुन्हा म्हटलं. सूर्य बुडेपर्यंत सरपंच हलले नाहीत.