आवळेवाडीच्या विहिरी मोजणारी

सोनिवलीच्या पुढे, डोंगराला टेकून असलेल्या आवळेवाडीत द्रौपदीला सगळे टेपवाली म्हणत. डोंगरातून रस्त्याचा बोगदा खणायला घेतला, तेव्हा कंपनीला वाडीतल्या विहिरींचं पाणी रोज मोजणारं माणूस हवं होतं. द्रौपदी नववी शिकलेली, अक्षर ठसठशीत. नवरा कैलास उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये शेअर रिक्षा चालवायचा, दिवसभर बाहेर. काम तिला मिळालं. पाच विहिरी आणि डोंगराच्या उतारावर मुद्दाम पाडलेल्या दोन बोअर. टेप खाली सोडायची, टोक पाण्याला लागलं की वरची डबी वाजायची. तो आकडा वहीत लिहायचा नि शेजारी सही.

शिकवलं ते हेमचंद्र कर्णिक साहेबांनी. अंबरनाथला राहणारे, कंपनीचे भूगर्भाचे जाणकार, पन्नाशीचे, कुणावर आवाज न चढवणारे. पहिल्याच दिवशी तिला उतारावर नेऊन ते म्हणाले, "द्रौपदीताई, हा खडक कोरडाच. पाणी असतं ते फटींमध्ये. पण इथे आत काळ्या दगडाची एक उभी भिंत गेलीये. डोंगरात मुरलेलं पाणी तिच्यामागे अडतं, बंधाऱ्यामागे अडतं तसं. तुमच्या विहिरी त्याच पाण्यावर."

"मग बोगदा त्या भिंतीला लागला की?"

"लागायच्या आधी बारीक फटी गळायला लागतील, आणि ते पहिल्यांदा बोअरमध्ये दिसेल. एका दिवसात वीतभर उतरलं की मला फोन करा. आम्ही सुरुंग थांबवू, पुढे लांब भोकं पाडून बघू. पाणी लागलं तर दाबाने सिमेंट भरू आणि मगच खणू."

द्रौपदीला हे फार आवडलं. आपल्या फोनवर एवढं मोठं काम थांबणार! दीड वर्ष तिने एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी डोक्याला फडकं बांधून जायची. चुलतसासू गोजरबाईची विहीर शेवटची. तिथे म्हातारी दगडावर बसून चिडवायची, "काय गो, रोज दोरी सोडतेस, पानी घाबरंल की!"

जानेवारीच्या तेवीस तारखेला वरच्या बोअरचं पाणी बेचाळीस सेंटिमीटर उतरलेलं निघालं. तिने टेप वर घेतली, पुसली, पुन्हा सोडली. तोच आकडा. उतारावरूनच तिने फोन लावला.

हेमचंद्र साहेब तासाभरात आले. स्वतः मोजलं आणि तिला बरोबर घेऊनच साइटच्या ऑफिसात गेले. मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं, टेपकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "कर्णिकजी, एक औरत के टेप पे मैं चार दिन काम रोकूँ? ऊपर क्या बोलूँ?"

"आज नहीं रोका तो पानी रोकेगा, साहब."

काम थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सुरुंगानंतर समोरचा खडक फुटला. आतली माणसं गुडघाभर पाण्यातून पळत बाहेर आली. मेलं कुणी नाही. बोगद्याच्या तोंडातून मात्र जाड पाइपांनी पाणी उपसून नाल्यात सोडलं जाऊ लागलं, ऐन जानेवारीत नाला दुथडी. बायका कळश्या घेऊन धावल्या, पण त्या पाण्याला दगडाच्या भुकटीचा गढूळपणा आणि सुरुंगाचा वास. गुरंही तोंड लावीनात.

वाडीच्या विहिरी उतरत गेल्या. नवव्या दिवशी गोजरबाईच्या विहिरीत टेप तळाला टेकली. डबी वाजलीच नाही. म्हातारी दगडावर होती. द्रौपदीने टेप गुंडाळून घेतली.

मग सिमेंट भरायचं काम सुरू झालं. दीड महिना चाललं. बोगद्यातलं पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलं, ते गटार काढून बाहेर वळवलं आणि कंपनीच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पावसाळ्यात विहिरी भरल्या. दिवाळीला पुन्हा कोरड्या.

वाडीने अर्ज केला. मंदिरात बैठक झाली. कंपनीच्या माणसाने अहवाल वाचला: पाण्यातली घट हंगामी, दरवर्षी उन्हाळ्याकडे होते तशीच. पुरावा म्हणून द्रौपदीचेच आकडे. पण रोजचे नव्हे, महिन्याची सरासरी काढलेले. त्या काही दिवसांतली कड्यासारखी घसरण सरासरीत सपाट उतार होऊन गेली होती.

द्रौपदी उभी राहिली. "तेवीस तारखेला बेचाळीस सेंटिमीटर होतं. माझ्या हातानं लिवलंय. वही दाखवा."

"वही हेड ऑफिसला जमा आहे. हे बघा, प्रत्येक पानावर तुमची सही होती असं इथे नमूद आहे."

गोजरबाई मागून म्हणाली, "म्हंजे आमचं पानी गेलं नाय, असं तू सही करून दिलंस?"

तिला नीट सांगायला द्रौपदी गेली, पण म्हातारीने पदर तोंडावर ओढला.

दुसऱ्या दिवशी द्रौपदी अंबरनाथला गेली. दार साहेबांच्या बायकोने, उमावहिनींनी उघडलं. हेमचंद्र साहेब घरातच होते, दाढी वाढलेली.

"साहेब, तुमच्याकडं रोजचे आकडे असतील. तुम्ही येऊन सांगा, लोक ऐकतील."

त्यांनी तिला खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "ताई, त्या अहवालावर माझीही सही आहे."

तिला आधी कळलंच नाही. "तुमची? तुम्हाला तर ठाऊक होतं."

"ठाऊक होतं." त्यांची मान वर झाली नाही. "सही केली नसती तर दुसऱ्याने केली असती, असं मी स्वतःला सांगतो. ते खरंही आहे. पण मी केली."

ती चहा न घेता उठली. जिना उतरून ती रस्त्याला लागली. राग आला असता तर बरं, असं तिला वाटलं. राग येत नव्हता.

वाडीत टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. गोजरबाईला लेकीने खरवईला नेलं. तिथे चौथ्या मजल्यावर ती आठ महिने जगली. द्रौपदी मातीला गेली, पण कुणी तिच्याशी बोललं नाही. पुढच्या वर्षी कैलासने उल्हासनगरला कॅम्प तीनमध्येच एक खोली भाड्याने घेतली. द्रौपदी तिथल्या जीन्सच्या कारखान्यात शिवणीचे दोरे कापायला लागली.

पहिल्या दिवशी सिंधी शेठने कात्री हातात देत विचारलं, "पहले क्या काम करती थी?"

"काही नाही," ती म्हणाली. "घरीच होते."