वाक्य पुरं होईपर्यंत

पद्मजाताईंनी पहिल्या भेटीत मला चक्क खोटं नाव सांगितलं. मी तेव्हा गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला आले होते. लिफ्टमध्ये एक जोडपं मराठीत बोलत होतं. म्हणजे नवरा बोलत होता आणि बायको मान हलवत होती. पुण्याहून आल्यापासून मराठी कानावर पडलं की ओळख काढल्याशिवाय मला राहवत नसे. "मी मेघा, चौदाव्या मजल्यावर. आणि तुम्ही?" बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सीमा." नवरा दारावरचे बदलणारे आकडे बघत राहिला.

पुढे कितीतरी दिवस मी त्यांना सीमाताईच म्हणत होते. कॅबवाल्याला त्या सीमा होत्या, औषधांच्या दुकानात सुनीता, आणि खालच्या भाजीवाल्याला नुसत्या आंटी. मग सोसायटीच्या दिवाळीत कुणीतरी "पद्मजाजी" अशी हाक मारली आणि त्यांनी वळून पाहिलं. मी चकित होऊन बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून माझ्या घरी आल्या, सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव..." आणि थांबल्या. ओठ घट्ट मिटले, हनुवटी थरथरली, गळ्याची शीर ताठ झाली. आवाज नाही. त्यांना काहीतरी होतंय असं वाटून मी घाईनं म्हणाले, "पद्मजा! कळलंय मला." त्यांनी हात वर करून मला थांबवलं, डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बऱ्याच वेळानं तो शब्द बाहेर आला. मग श्वास सोडून त्या म्हणाल्या, "हे बघ, माझं वाक्य माझ्या ताटातलं आहे. तू तुझं जेव."

इतकी वर्षं शेजारीपाजारी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की या बाई अडखळतात. कारण त्या अडखळण्याच्या आधीच वळण घ्यायच्या. प, क, त ही त्यांची अवघड अक्षरं. तोंडाशी आलेला शब्द त्यातल्या एखाद्या अक्षराचा आहे असं दिसलं की त्या हसतमुखानं दुसराच शब्द पुढे करायच्या. जिथं माणसांची भीती वाटायची, तिथं तर त्या इतक्या सफाईनं बोलायच्या की ऐकणाऱ्याला शंकाही येऊ नये. फक्त जे बोलायचं असायचं ते बोलून व्हायचं नाही. एकदा आम्ही दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये मुद्दाम मराठी जेवायला गेलो. गुरुग्रामहून मेट्रोनं निघाल्यापासून त्या पुरणपोळीची आठवण काढत होत्या. काउंटरवर गेल्यावर त्यांनी साबुदाणा वडा मागितला. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला साबुदाणा बिल्कुल आवडत नाही गं. पण स सोपा आहे."

त्यांचे यजमान, साळवे सर, मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीचे मॅनेजर होते. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे, अंधार पडता पडता यायचे. अबोल, सावकाश चालणारे. पण बायकोच्या वतीनं सगळं तेच बोलायचे. हॉटेलात तिच्यासाठी मागवायचे ते, बँकेत विचारायचे ते, डॉक्टरांना दुखणं सांगायचे ते. त्यात कुठं दाखवणं नव्हतं, उपकाराचा सूर नव्हता. लेक ऋचा दिल्लीतच वाढलेली, आता बंगळुरूत नोकरीला. तिची मराठी अर्धी हिंदी होऊन गेलेली.

ऋचा बंगळुरूला गेल्यावर ताईंची दुपार मोकळी पडली आणि त्या फोनवर रील बघायला लागल्या. एक दिवस दार वाजवून आत आल्या आणि माझ्यासमोर फोन धरला. हरियाणाच्या कुठल्याशा गावातली एक मुलगी कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. सांगताना अडकत होती, भयंकर अडकत होती. "बघ," ताई म्हणाल्या, "ही अडकते, आणि तरी समोर बघत राहते. खाली बघत नाही." तो व्हिडिओ त्यांनी माझ्यादेखत तीनदा लावला. मग म्हणाल्या, "माझा फोन धरशील?"

आम्ही त्यांच्या बाल्कनीत बसलो. समोरच्या टॉवरचं काम चालू होतं, क्रेन फिरत होती. त्यांनी केस नीट केले, पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे पाहिलं. "नमस्कार. माझं नाव..." आणि ओठ मिटले ते मिटलेच. माझा हात अवघडला. क्रेन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. त्यांनी नजर हलवली नाही. "पद्मजा," असं अखेर म्हणाल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर भांडण जिंकल्यासारखं हसू.

ऑफिसात दिवसभर प्रेझेंटेशनं बनवण्याचा माझा धंदा. मी सवयीनं म्हणाले, "मधला अडकलेला भाग काढून टाकू?"

"मग उरेल काय?" त्या म्हणाल्या.

तो व्हिडिओ होता तसाच गेला.

पुढच्या व्हिडिओत त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील नगरकडच्या एका चर्चमध्ये पाळक होते. आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. एका रविवारी त्यांनी लहानग्या पद्मजाला शास्त्रपाठ वाचायला उभं केलं. पहिलाच शब्द 'परमेश्वर'. ती त्या प वर उभी राहिली. थोड्या वेळानं पुढच्या बाकावरून कुणीतरी हळूच "परमेश्वर" म्हणालं. मग शेजारच्यानं म्हटलं. मग सगळी मंडळी एका सुरात म्हणाली. "लोकांनी प्रेमानंच म्हटलं," ताई कॅमेऱ्याला सांगत होत्या. "वडिलांनी नंतर मला कधीच वाचायला उभं केलं नाही. फार मायाळू होते ते. पण त्यांनी मला पुन्हा एकदा उभं करायला हवं होतं."

त्या व्हिडिओखाली लातूरच्या एका नर्सनं लिहिलं, की ती पेशंटचं नाव घ्यायचं टाळते म्हणून वॉर्डात सगळे तिला गर्विष्ठ समजतात. यवतमाळच्या एका बाईनं लिहिलं, की तिनं हे नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. ताई प्रत्येकीला उत्तर द्यायच्या, आणि लिहून नव्हे, बोलून. "लिहिताना मी अडकत नाही, मग तिला काय कळणार?" असं त्यांचं म्हणणं.

लोकांना सर्वांत आवडली ती बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट. साळव्यांकडच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, मुलगी कमी बोलते. ताईंना मात्र मुलाला एक प्रश्न विचारायचाच होता: तुम्हाला कुत्रा आवडतो का? घरी कुत्रा होता, तो बरोबर न्यायचा होता. दोघांना अंगणात सोडलं, आणि त्या 'कु'वर अडकल्या. मुलगा चहाचा कप हातात धरून उभा राहिला. चहावर साय धरली तरी तो काही बोलला नाही, त्यानं दुसरीकडे कुठं बघितलं नाही. प्रश्न पुरा झाल्यावर म्हणाला, "आवडतो. पण मला चावतात." ताई म्हणायच्या, "अगं, त्याच दिवशी मी मनानं ह्यांच्या घरी राहायला गेले."

आणि मग ते स्टिकर आलं. सोसायटीतल्याच कुणीतरी पहिल्या व्हिडिओतला त्यांचा मिटल्या ओठांचा, ताणलेला चेहरा कापून त्याचं हलणारं स्टिकर केलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी मेंटेनन्स भरायला उशीर केला की ते टाकायचं आणि सगळ्यांनी हसायचं. मी ते बघितलं आणि तशीच उठले. ताईंच्या घरी गेले तर त्या कणीक मळत होत्या आणि ओट्यावरचा फोन स्पीकरवर होता. पलीकडून ऋचा बोलत होती. "आई, डिलीट कर ना यार सगळं. माझ्या ऑफिसमध्ये पण लोक बघतात. ते हसतायत तुझ्यावर."

"लोक आधीही हसायचे, बाळा," ताई कुठंही न अडकता म्हणाल्या. "आता निदान मला दिसतं, कोण ते."

"पण मला नाही चालत," ऋचा म्हणाली. ती रडत होती.

ताईंनी व्हिडिओ डिलीट केले नाहीत. पण काही आठवडे नवीन काही टाकलं नाही आणि खाली फिरायला येणंही बंद केलं. ज्याच्या त्याच्याशी भांडायला मी तयार होते. त्यांनी भांडू दिलं नाही. मग गणपतीच्या तयारीची मीटिंग होती. ताई ख्रिस्ती, पण दरवर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला मोदक वळायला त्या सर्वांत आधी हजर असत, आणि कार्यक्रम सुरू झाला की मागच्या मागे नाहीशा होत. त्या दिवशी त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "यंदा सूत्रसंचालन मी क... करते."

सेक्रेटरी चष्मा सारखा करत म्हणाले, "तसं काही नाही वहिनी, पण वेळेचा जरा प्रश्न आहे."

"दोन नाच कमी करा," ताई म्हणाल्या.

सगळं सुरेख झालं असं मी म्हणणार नाही. कार्यक्रम लांबला, मुलं कंटाळली, एक आजोबा उठून जेवायला गेले. बक्षीससमारंभाच्या वेळी ताई 'पारितोषिक' या शब्दावर उभ्या राहिल्या. 'बक्षीस' हा शब्द त्यांना सहज येत होता, मला ठाऊक होतं. त्यांनी तो घेतला नाही. पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. त्यांनी तिकडे पाहिलं, थोडं हसल्या, आणि पुन्हा त्याच प वर आल्या. शब्द पुरा झाला तेव्हा टाळ्याबिळ्या काही वाजल्या नाहीत. बक्षीस घेणारी मुलगी पुढे आली, इतकंच. ते स्टिकर मात्र त्यानंतर ग्रुपवर दिसलं नाही.

त्या रविवारी साळव्यांनी मला त्यांच्याबरोबर जेवायला बाहेर नेलं. वेटर आला. साळवे सरांनी सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात ताईंनी सांगायला सुरुवात केली. पनीर, तंदुरी रोटी, सगळी अवघड अक्षरं. वेटर ताटकळला. साळवे सर मेन्यूकार्डाची घडी घालत आणि उलगडत बसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता मी काय करायचं?" म्हटलं चेष्टेनं, पण चेहरा चेष्टेचा नव्हता.

दुसऱ्या वर्षी ताईंच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या, आणि दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मीच दोघांना गाडीनं घेऊन गेले. डॉक्टरांनी फाइल बघितली आणि साळवे सरांना विचारलं, "दर्द कब से है?" सर बोलणार इतक्यात ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मैं बताती हूँ." त्यांनी सगळं सांगितलं, प्रत्येक शब्द पुरा करून. डॉक्टरांनी आधी घड्याळ पाहिलं, मग पेन खाली ठेवलं. जे वाईट होतं, ते त्यांनी नंतर ताईंच्याच डोळ्यांत बघून सांगितलं.

सरांनी लवकर निवृत्ती घेतली आणि दोघं नगरला गेली. तिथूनही ताई व्हिडिओ टाकत राहिल्या: अंगणातल्या शेवग्याचा, शाळेतल्या मैत्रिणीचा. आजाराबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. "ती माझी क... कहाणी नाही, आजाराची आहे," मला फोनवर म्हणाल्या. आमचे फोन लांबलचक व्हायचे, कारण आता त्या एकही शब्द बदलत नसत. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून कानाला फोन लावून थांबायचे. त्या शांततेत मला त्यांचा श्वास ऐकू यायचा, मागं कुठंतरी कोंबडा आरवायचा, आणि मग शब्द यायचा.

त्या गेल्या तेव्हा मी गुरुग्रामलाच होते. त्यांचे व्हिडिओ अजून आहेत, लोक अजून खाली लिहितात. मला मात्र ते बघवत नाहीत. त्यात त्या सगळ्यांशी बोलतात. मला माझ्याशी बोलणाऱ्या ताई हव्या असतात, आणि त्या कुठंच साठवलेल्या नाहीत. अजूनही कुणाचा फोन आला आणि पलीकडून क्षणभर शब्द आला नाही, की माझा जीव आशेनं थबकतो. मग लक्षात येतं, रेंज गेली आहे.

पुढे पुण्याला जाताना वाट वाकडी करून मी नगरला गेले. साळवे सरांनी स्वतः चहा केला. ऋचा नुकतीच येऊन गेली होती. आम्ही अंगणात बसलो. मग ते म्हणाले, "एक विचारू का, मेघा? तुमच्याशी बोलताना ती जास्त अडखळायची, की कमी?"

मी खरं तेच सांगितलं. "जास्त. शेवटी शेवटी तर फारच."

त्यांनी मान हलवली. "माझ्याशीही. अगदी मनसोक्त अडखळायची."

फाटकाबाहेरून एक रिक्षा गेली. तिचा आवाज विरेपर्यंत ते थांबले.

"ऋचाशी मात्र फार सुरेख बोलायची," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.