बॅनरखालून

मुलगा लंडनला शिकायला गेला आणि थोड्याच दिवसांनी मला फोनवर म्हणाला, "पप्पा, मला इथं करमंना."

मी म्हणालो, "असं बोलू नको. चौकात तुझा बॅनर लागलाय."

माझी चूक ती हीच. बॅनर लावू नका असं बायकोनं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे या चुकीत वाटेकरी कुणी नाही.

मी पाथरीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. लसी टोचणं, शेळ्यामेंढ्यांना जंताचं औषध पाजणं, खेड्यांवर फिरणं ही माझी कामं. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस आहे. लोक मात्र मला डॉक्टर म्हणतात आणि मी ओ देतो. माझे वडील मेंढ्या राखायचे. थोरला भाऊ गावाकडे अजून राखतो. अशा घरातल्या पोराला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा मला तो आनंद घरात मावेना. घर लहान आहे हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं.

आमच्याकडे आनंद झाला की चौकात बॅनर लावतात. वाढदिवस, निवड, नवी गाडी, कशाचाही. मोबाईलचं दुकान चालवणारा एक पोरगा आमच्या गल्लीच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष आहे. तो म्हणाला, "काका, तुमी फकस्त फोटो द्या. बाकी आमी बघतो."

मी फोटो दिला. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला होता. बॅनर छापणाऱ्यानं त्यातल्या मुलाला निळा कोट घातला, टाय बांधला आणि थोडं गोरं केलं. मागे एक विमान आणि एक उंच मनोरा आला.

मी म्हणालो, "हा मनोरा तर पॅरिसचा हाय."

"काका, परदेश दिसला पाह्यजे," अध्यक्ष म्हणाला. "कोण जाऊन बघणार हाय?"

खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग होती. सगळ्यात मोठा फोटो साहेबांचा, म्हणजे आमच्याकडच्या पुढाऱ्यांचा. त्यांच्यानंतर मंडळाची पोरं. त्यातल्या दोघांना माझा मुलगा ओळखतही नव्हता. कोपऱ्यात मी, नावाआधी 'डॉ.' लावलेला. ते मी वाचलं आणि तसंच राहू दिलं. ही दुसरी चूक, पण तिची माफी कुणाकडे मागायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परभणीहून येणारी एसटी त्या चौकात वळते. वळताना उजवीकडच्या खिडकीत बसलेल्या प्रत्येकाला माझा मुलगा दिसायचा. मुलगा स्वतः परभणीला रेल्वे धरायला निघाला तेव्हा तोही बॅनरच्या बाजूच्या खिडकीत बसला होता. मी त्याला म्हणालो, "बघ, बघ." त्यानं बघितलं आणि मान खाली घालून मोबाईल काढला. मला वाटलं, लाजला.

पहिल्या आठवड्यात तो बराच बोलला. आम्ही रात्रीचं जेवण उरकून फोन लावायचो, तेव्हा तिकडे दुपार असायची. खोली दोघांत आहे, खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. जमिनीखालून गाडी जाते आणि तिच्यात कुणी कुणाशी बोलत नाही. एक गोष्ट त्यानं हसत सांगितली. "पप्पा, इथं धक्का आपण दिला तरी समोरचाच सॉरी म्हणतो."

मी ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "मग भांडणं कशी व्हतेत तिथं?"

पुढच्या आठवड्यात बोलणं आखडलं. वर्गात मास्तर काहीतरी बोलतात आणि सगळे हसतात, मग मीही हसतो, म्हणाला. जेवायला काय केलं विचारलं तर ब्रेड आणि केळी. काल काय केलं होतं, तर तेच. वर्ग सुटल्यावर तो लायब्ररीत बसायचा. मी टपरीवर सांगितलं, पोरगा रात्रंदिवस लायब्ररीत असतो. नंतर कळलं, तिथं ऊब असायची आणि आजूबाजूला माणसं असायची म्हणून तो बसायचा. वाचत नव्हता.

आणि मग तो करमंना म्हणाला, आणि मी बॅनरचं बोललो.

त्यानंतर त्यानं तो शब्द पुन्हा काढला नाही. आवाज नीट झाला. कसा आहेस विचारलं की म्हणायचा, "मजेत." मला बरं वाटलं. आपण वेळेवर धीर दिला, असं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

फक्त फोन ठेवताना तो एक विचारायला लागला. "पप्पा, बॅनर हाय का अजून?"

"हाय की. वाऱ्यानं एक कोपरा सुटला होता, मी जाऊन बांधून आलो."

"बरं."

दोन-तीन दिवसांनी पुन्हा. "बॅनर हाय का?"

"एकदम टकाटक हाय. फोटो पाठवतो."

मी फोटो काढून पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. पुढच्या वेळी त्यानं विचारण्याआधीच मी सांगून टाकलं, की दसऱ्याला चौकात लय बॅनर लागले, पण तुझ्यावर मी कुणाला लावू दिला नाही. तिकडून फोन बंद झाला. मला वाटलं, लाईन गेली.

बायको शेजारी बसून मेथी निवडत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "त्यो बॅनरचं का इचारायलाय, कळंना का तुमाला?"

"कौतुक वाटत असंल."

"पोरगं वापस यावं का म्हणून बघायलंय." तिनं काड्या एका बाजूला सारल्या. "यायचं म्हणलं तर एसटी तिथूनच वळती. त्या बॅनरखालून कसं यील त्यो?"

मी म्हणालो, तसं काही नसेल. ती म्हणाली, "नसंल तर नसंल," आणि मेथी घेऊन आत गेली. आमच्याकडे असं म्हटलं की वाद संपला आणि आपण हरलो, असा अर्थ असतो.

दुसऱ्या दिवशी मी एका वस्तीवर मेंढ्यांना लस द्यायला गेलो. तिथं बाजारातून आणलेली एक मेंढी कळपापासून लांब उभी होती. चारा खात नव्हती. मालक काळजीत होता. मी त्याला म्हणालो, तिला ओढू नका, लोकांना दाखवत बसू नका, तिला तिच्या मनानं येऊ द्या. हे मी नोकरीला लागल्यापासून सांगत आलो आहे. गाडी सुरू करताना माझ्या लक्षात आलं, की हे सांगायला मला सरकार पगार देतं आणि घरी मी फुकटही सांगितलं नाही.

तिथून मी सरळ मोबाईलच्या दुकानात गेलो. अध्यक्ष कुणाच्या तरी मोबाईलला काच चिकटवत होता.

"बॅनर काढायचा हाय," मी म्हणालो.

"दिवाळीपर्यंत राहू द्या की काका."

"नको."

त्यानं मान वर केली. आवाज खाली आणला. "पक्ष बदलला का तुमी?"

मी नाही म्हणालो.

"मग? साहेबाचा फोटो हाय त्याच्यावर. मधीच काढला तर लोकं काय समजतील? मला फोन येतील."

"पोराला तिथं करमत नाही."

"त्याला इथला बॅनर काय करतो?" तो म्हणाला. प्रश्न चुकीचा नव्हता. मी परत तेच म्हणालो, काढायचा. शेवटी तो म्हणाला, काढा, पण मंडळानं काढला असं दिसू नये. साहेबांच्या माणसाचा फोन आला तर तो, वाऱ्यानं फाटला, असं सांगणार होता.

मी सकाळी चहाच्या वेळेला गेलो, चौक भरलेला असतो तेव्हा. लपून काढला असता तर मी पुन्हा सगळ्यांना 'मजेत' असंच सांगत बसलो असतो. माझा तसा भरवसा नाही. शिडी शेजारच्या रंगवाल्याची होती. मी वर चढून सुतळी कापायला लागलो. खाली माणसं जमली.

"डॉक्टर, काय झालं?"

"पोराला करमत नाही तिथं," मी शिडीवरून म्हणालो. "परत यायचं असलं तर त्याला येता यावं."

मला वाटलं होतं, आता शांतता पसरेल. टपरीवाला म्हणाला, "मग त्यात काय? माझं तर पुण्याहून आठ दिसात पळून आलं होतं. गादी बी तिथंच टाकून आलं."

दुसरा म्हणाला, "डॉक्टर, बॅनर काय करणार? मला द्या, कडब्यावर टाकतो."

"थोरल्या भावानं मागून ठेवलाय," मी म्हणालो. ते खरं होतं. बॅनर लागला त्याच आठवड्यात त्यानं मागितला होता. कोकरांच्या खोपीत पाणी गळतं, काढल्यावर मला दे, म्हणाला होता. त्याला पुतण्याचं कौतुक होतंच, पण कापडही चांगलं जाड होतं.

म्हणजे ज्या गावाच्या तोंडाची मी मुलाला भीती घातली, त्या गावानं दोन मिनिटं चौकशी केली आणि चहा प्यायला. माझं ओझं त्यानं हलकं झालं नाही. उलट कळलं, की भीती गावाची नव्हतीच. माझी होती, आणि ती मी मुलाच्या अंगावर टाकली होती.

तो पुढे तिथंच राहिला, शिक्षण पूर्ण केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. पण त्याचं श्रेय मी घेत नाही, आणि माझी चूक त्यानं कमी होत नाही. तो परत आला असता तरी चूक तेवढीच राहिली असती.

बॅनर काढला त्याच संध्याकाळी मी चौकात जाऊन व्हिडिओ कॉल लावला. तो लायब्ररीच्या बाहेर पायऱ्यांवर बसला होता, कानटोपी घालून. मी काही न बोलता मोबाईल फिरवला आणि रिकामे बांबू दाखवले. म्हणजे तोवर ते रिकामे राहिले नव्हते, दुसरा बॅनर चढला होता.

"काढला?" तो म्हणाला.

"काढला."

"कुणी?"

"मी."

त्यानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "आता कुणाचा लागला हा?"

"एका पोराचा वाढदिवस हाय. मिशी फुटली न्हाई अजून, पण गॉगल घातलाय."

"मागं काय हाय ते?"

"वाघ."

तो हसला. तो गेल्यापासून त्याला हसताना मी ऐकलं नव्हतं, असं नाही. पण या वेळी तो आधी हसला आणि मग मी.

आता बोलायला हवं होतं. नोकरीत मी रोज माफी मागतो. लस संपली, माफ करा. औषध वरून आलं नाही, माफ करा. ती माफी तोंडात बसलेली आहे. मुलाची मागायची वेळ आली तेव्हा ती कामाला येईना. माझ्या वडिलांनी माझी कधी माफी मागितल्याचं आठवत नाही, म्हणून ती कशी सुरू करतात हेही माहीत नव्हतं. समोरून एसटी वळली आणि तिचा आवाज संपेपर्यंत मला थांबावं लागलं.

"ऐकू येतंय का?" मी म्हणालो.

"येतंय, पप्पा."

"तू करमंना म्हणालास, तवा मी तुझं ऐकून घेतलं न्हाई. बॅनरचं बोललो. तुला यायचं असलं तर कवा बी ये, राहायचं असलं तर राहा. पण त्या दिवशी माझं चुकलं. मला माफ कर."